खाकेतली मान : प्रतापगडच्या भेटीचे एक वाचन

गेल्या वर्षी दसरा झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या, त्याच आठवड्यात आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत मुलींसाठी स्वसंरक्षणाचे शिबिर भरले होते. मी तिथे वह्यांचे गठ्ठे पोचवायला गेलो होतो. गठ्ठे उतरवून झाल्यावर लिंबाच्या सावलीत उभा राहून पाहू लागलो. प्रशिक्षक तरुण होते, मनापासून शिकवत होते. त्यांनी मुलींना मूठ वळायला लावली, बोटांच्या फटींतून किल्ल्या बाहेर काढायला लावल्या आणि म्हणाले, ‘‘हे तुमचं वाघनख.’’ टाळ्या पडल्या. मग आठवीतली एक मुलगी, अंगाने किरकोळ, हात वर करून म्हणाली, ‘‘सर, पण त्यानं आधी मानच धरली तर?’’ प्रशिक्षक हसून म्हणाले, ‘‘त्यानं धरायच्या आत आपण मारायचं.’’ सगळ्या हसल्या, तीही हसली, आणि पुढचा प्रकार सुरू झाला.

घरी येऊन मी सभासदाची बखर काढली. कारण त्या पोरीने जे विचारले होते तेच प्रतापगडाखाली घडले होते. मान आधी धरली गेली होती. वाघनख त्यानंतरचे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. सतरा-अठरा वर्षांचा होईपर्यंत गावच्या तालमीत माती अंगाला लावली, पुढे खांदा निखळला आणि कुस्ती सुटली. दुकानात बसून हाती लागेल ते वाचायची सवय तेव्हापासूनची. तेव्हा या लेखात मी करतो आहे ते काम लहान आहे. 10 नोव्हेंबर 1659 ची, म्हणजे जेधे शकावलीतल्या शके 1581 मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीची भेट मी राजकारणाच्या अंगाने वाचत नाही. ते थोरांनी केले आहे. एका ठेंगण्या माणसाला एका भारी माणसाने अंगाशी धरले, हत्यार चालवले, आणि ठेंगणा माणूस जिवंत बाहेर आला. तो कसा आला याचे जुन्या साधनांनी काय उत्तर दिले आणि पुढच्या साडेतीनशे वर्षांत आपण त्या उत्तराचे काय केले, एवढाच माझा प्रश्न आहे.

ठेंगणा हे मी पदरचे घालत नाही. सुरतेचा इंग्रज पाद्री एस्कॅलियट आणि फ्रेंच प्रवासी थेवनो, दोघांच्याही लेखनात महाराजांची उंची बेताची आणि नजर अतिशय चपळ असल्याचे येते. खानाच्या देहाचे मात्र तसे नाही. कॅलेंडरावरचा सात फुटी खान सभासदाला माहीत नाही. त्याने खानाची उंची दिलेली नाही. पोटावर वार होताच चरबी बाहेर आली, एवढे तो सांगतो. अंगाने खान भारी होता हे त्यावरून कळते, आणि आपल्या कामापुरते तेवढे पुरे आहे.

साधने तीन घेऊ. पहिले परमानंदाचे संस्कृत शिवभारत. परमानंद हा आमच्या शेजारच्या नेवाशाचा. सदाशिव महादेव दिवेकरांनी तंजावरहून मिळवलेली त्याची पोथी 1927 साली भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केली. दुसरे अज्ञानदासाचा पोवाडा, जो ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 साली छापलेल्या संग्रहामुळे सर्वांच्या हाती आला. तिसरी कृष्णाजी अनंत सभासदाची बखर. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला, सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ती लिहिली गेली. तिघांची जात वेगळी. एक दरबारी महाकवी, एक शाहीर, एक जुना चाकर. तपशिलात तिघे एकमेकांशी भांडतात. बरोबर माणसे किती, यावरही एकमत नाही. सभासद मोजकी सांगतो, परमानंद दोन्हीकडे दहा-दहा सांगतो आणि महाराजांच्या दहांत सिद्दी इब्राहिमाचे नाव घेतो. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता हेही सगळ्यांना ठाऊक आहे. ही भेट धर्माच्या खात्यावर मांडणाऱ्यांनी दोन्ही बाजूंच्या याद्या एकदा शांतपणे वाचाव्यात.

पण एका गोष्टीवर तिघे एक आहेत. पहिली पकड खानाची. परमानंदाच्या वर्णनात खान डाव्या हाताने मान धरतो आणि उजव्याने कट्यार चालवतो. शाहीर सांगतो की खानाने कव घातली. सभासद सर्वांत नेमका आहे: खानाने डोके कवळून खाकेखाली दाबले आणि जमदाड उपसून कुशीत चालवली. आणि वाघनख? ते सभासदात आहे, पोवाड्यात आहे, शिवभारतात नाही. म्हणजे ज्याच्यावर आपली सगळी आठवण टांगलेली आहे ते हत्यार एका साधनात गैरहजर आहे, आणि जी पकड तिन्हींत हजर आहे ती आपल्या आठवणीतून गेली आहे.

आता सभासदाचा तो परिच्छेद तालमीत उभे राहून वाचू. खाकेत मान अडकणे हा कुस्तीतला नित्याचा प्रसंग आहे. नवशिक्या पोराची मान अडकली की तो एकच गोष्ट करतो, मागे ओढतो. मागे ओढले की फास आवळतो, आणि समोरचा जड असेल तर पोराचे पाय सुटतात. आमचे वस्ताद अशा वेळी ओरडायचे, ‘‘मागं नको, आत शीर! हनवटी छातीला लाव!’’ हनुवटी खाली घेतली की गळ्याची नळी वाचते. अंग आत नेले की त्याच्या दंडाला पीळ घालायला जागा उरत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्याने मान धरली त्याचा एक हात मान धरण्यातच गुंतलेला असतो, पण ज्याची मान गेली त्याचे दोन्ही हात मोकळे असतात, तेही समोरच्याच्या कमरेच्या उंचीवर. भारी माणसाला वाटते आपण धरले. खरे तर त्याने आपले पोट उघडे टाकलेले असते.

सभासदाच्या क्रमात हे जसेच्या तसे उतरले आहे. जमदाड कुशीवर आली, पण कपड्याखालच्या जाळीवर नुसती खरखरली. मग डाव्या हाताचे वाघनख पोटात. खानाच्या अंगात नुसता झगा होता, हे सभासद मुद्दाम नोंदवतो. मग उजव्या हाताचा बिचवा. दोन वारांनी पकड ढिली झाली तेव्हा मान आसडून घेतली आणि चौथऱ्याखाली उडी. ‘आसडणे’ हे क्रियापद मला फार खरे वाटते. आसडणे म्हणजे हिसका, एकदाच, पकड सैल झाल्याच्या क्षणाला. आधी आसडले असते तर मान सुटली नसती.

आणि उडी. ती कोणी चितारत नाही. सभासदात महाराज खानाच्या छातीवर बसत नाहीत, तिथे थांबतही नाहीत. दोन वार, हिसका, उडी. खान तेव्हा जिवंत आहे, ओरडतो आहे, भोई पालखी आणताहेत. त्याचे डोके संभाजी कावजीने उतरवले, तेही भोयांचे पाय तोडून पालखी खाली पडल्यावर. सय्यद बंडा पट्टा घेऊन आला त्याला जिवा महालाने आवरले. शेवटाच्या तपशिलात साधने वेगळी वाटतात हे खरे, पण सभासदाच्या हिशेबात ठेंगण्या माणसाच्या वाट्याला कामे तीन आहेत. पहिला वार झेलून उभे राहणे, पकड ढिली करणे, बाहेर पडणे. बाकीचे बाकीच्यांनी केले.

इथे परमानंदाशी माझा वाद आहे. त्याच्या काव्यात महाराज बाहुयुद्धात निपुण आहेत आणि अंग किंचित आकसून ते खानाची कट्यार चुकवतात. सभासद आणि शाहीर म्हणतात की कट्यार चुकली नाही, लागली, पण चिलखतावर लागली. माती अंगाला लागलेल्या माणसाला दुसरे खरे वाटते. ज्याची मान खाकेत आहे त्याला समोरच्याचा हत्याराचा हात दिसतच नाही. त्याला दिसते ती जमीन आणि दोन पावले. न दिसणारा वार कौशल्याने चुकवता येत नाही, तो आधीच चुकवून ठेवावा लागतो. कवीने जे नायकाच्या अंगच्या कसबाला दिले ते बखरकाराने सकाळी चढवलेल्या जाळीला दिले. काव्य म्हणून परमानंद मोठा आहे, पण या एका जागी मी चाकराच्या बाजूने आहे.

जाळीवरून मागे जायला हवे, कारण सभासदाने झटापटीला जेवढ्या ओळी दिल्या त्याच्या कितीतरी पट तयारीला दिल्या आहेत. खान वाईला होता, सपाटीवर, घोडदळाच्या सोयीच्या मुलखात. सभासद बारा हजार स्वार सांगतो. त्याला तिथून उठवून जावळीच्या रानात आणायचे होते, जिथे घोडे ओळीने चालवावे लागतात आणि संख्या कामाची राहत नाही. त्यासाठी महाराजांनी जे बोलणे लावले ते भ्यालेल्या माणसाचे होते: मी वाईस येऊ धजत नाही, खानसाहेबांनीच इकडे यावे. आपल्याला आज हे वाचताना अवघडल्यासारखे होते, म्हणून व्याख्यानात त्यावरून पटकन पुढे जातात. सभासद अवघडत नाही. मोठ्याला तू मोठा आहेस असे सांगत राहणे हा त्याच्या लेखी तयारीचाच भाग आहे.

पंताजी गोपीनाथ खानाच्या गोटात गेला, तिथल्या कारभाऱ्यांना द्रव्य चारून बेत काढला. मुळात खानाची रीत अंधारात नव्हती. शिऱ्याच्या कस्तुरीरंगाला भेटीला बोलावून मारल्याची गोष्ट दक्षिणेत पसरलेली होती. भेटीच्या दिवशी खान हजार-दीड हजार बंदुकवाल्यांचा जमाव घेऊन निघाला तेव्हा याच पंताजीने त्याला सुचवले की एवढी माणसे पाहून राजा बिचकेल आणि गडावर परत जाईल, एका राजासाठी एवढा सरंजाम कशाला. जमाव मागे राहिला. मग शामियान्याजवळ सय्यद बंडा दिसला, नावाजलेला पटाईत. महाराज तिथेच थबकले, त्याला दूर करायला लावले आणि मगच पुढे झाले. रानात माणसे पेरलेली, गडावरच्या तोफेची खूण ठरलेली, परतीची वाट डोक्यात. एवढे सगळे झाल्यावर खान भेटीच्या जागी पोचला तेव्हा तो फक्त देहाने मोठा उरला होता. बाकीचा मोठेपणा त्याने टप्प्याटप्प्याने स्वतःच्या हाताने मागे ठेवला होता.

मग हे सगळे गळून वाघनख तेवढे का उरले?

माझ्या मते याची सुरुवात ग्रँट डफपासून होते. साताऱ्याचा हा पहिला रेसिडेंट. त्याचा मराठ्यांचा इतिहास 1826 साली निघाला. त्याने दग्याचा ठपका महाराजांवर ठेवला. तिथून पुढे शंभर वर्षे मराठी इतिहासलेखन एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले: पहिला वार कोणाचा? वकील जसा एकाच मुद्द्यावर साक्षीदाराला उलटसुलट विचारतो तशी ही साधने तपासली गेली. जदुनाथ सरकारांनी 1919 च्या ग्रंथात पुराव्याचा कल खानानेच पहिला वार केला या बाजूला असल्याचे मांडले, आणि तो वाद बराचसा मिटला. वाद आवश्यक होता, मी नाकारत नाही. पण त्याची किंमत अशी की साधनांतले जे जे ‘पहिला वार कोणाचा’ या प्रश्नाला उपयोगी नव्हते ते दुर्लक्षित राहिले. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड संपादित केले, मल्लविद्या त्यात तपशिलाने आहे. प्रतापगडावर लिहिणाऱ्या किती जणांनी ते शेजारी ठेवून सभासद वाचला? माझ्या वाचनात तरी कोणी आला नाही.

दुसरे वळण टिळकांचे. जून 1897 मध्ये पुण्याच्या शिवाजी उत्सवात त्यांनी या प्रश्नाची दिशाच बदलली. खानाने आधी वार केला की नाही हा वाद बाजूला ठेवू, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. महाराजांनी आधी ठरवून मारले असे धरले तरी थोर पुरुषाची कृती दंडसंहितेच्या कलमांनी मोजायची नसते. भाषण केसरीत छापून आले, आठवड्याभरात रँडवर गोळी झाडली गेली, आणि त्या मजकुरावरून राजद्रोहाचा खटला होऊन टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. राजकीय धाडस म्हणून ते भाषण केवढे होते हे वेगळे सांगायला नको. तरी टीकाकार म्हणून मला त्यात एक तोटा दिसतो. प्रतापगडची भेट त्या दिवसापासून महापुरुषांच्या खात्यात गेली. जी गोष्ट महापुरुषालाच शोभते तिच्यातून लिंबाखाली उभ्या असलेल्या आठवीतल्या पोरीला काही शिकता येत नाही. तिने टाळ्या वाजवायच्या.

गंमत अशी की सभासदाचा मजकूर दंडसंहितेला एवढा घाबरण्यासारखा नव्हताच. 1860 च्या संहितेत खाजगी बचावाच्या हक्काची कलमे 96 ते 106 होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती 34 ते 44 आहेत. जिवाची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो, वार अंगावर येईपर्यंत थांबावे लागत नाही. बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हक्क नाही. दोन वार, हिसका, उडी, हे या चौकटीत बसते. पालखीपाशी जे झाले ते बसणार नाही, पण तो युद्धाचा भाग आहे आणि त्याला वेगळे माप लागते. शिबिरांत मात्र मुलींना ना ही कलमे सांगतात ना ही उडी. ‘पळू नकोस, भिड’ असे शिकवणारे फलक मी पाहिले आहेत.

तिसरे वळण ताजे आहे. जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले वाघनख तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याच्या संग्रहालयात आले. ते डफच्या वंशजाने संग्रहालयाला दिलेले. हेच ते प्रतापगडचे, असे खात्रीने म्हणता येत नाही, हे खुद्द त्या संग्रहालयाचे म्हणणे आहे, आणि इंद्रजित सावंतांसारख्या अभ्यासकांनी ते जाहीरपणे मांडले. अस्सल की नक्कल, यावर भरपूर लिहून आले. माझा आक्षेप निराळा आहे. अस्सल असते तरी रांग चुकीच्या वस्तूपुढे होती. त्याच भेटीतली चिलखताची जाळी कोणी कुठे दाखवायला मांडली असती, तर तिच्यापुढे किती जण उभे राहिले असते?

आमच्या भागात कुस्तीची समज अजून टिकून आहे म्हणून एक गोष्ट सांगतो. यात्रेच्या फडात पंच पहिले काम काय करतात? जोड लावतात. रेवडीच्या कुस्तीला बारकी पोरे, नारळाच्या कुस्तीला थोडी मोठी, शेवटच्या इनामी कुस्तीला नामांकित मल्ल. हलगी कितीही कडाडो, जड गड्यापुढे हलका गडी उभा केला तर बघणारे उठून ‘जोड नाही, जोड नाही’ म्हणून ओरडतात. हे शहाणपण जुने आहे. कल्याणीच्या चालुक्य तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात, बाराव्या शतकात, मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांचे वय आणि बळ पाहून वर्ग पाडले आहेत. तेव्हा आमचा मुलूखही त्याच राज्यात होता. भागवताच्या दहाव्या स्कंधात चाणूर-मुष्टिकांपुढे कृष्ण-बलराम उभे राहतात तेव्हा मथुरेच्या बायका आपसांत म्हणतात की अशी विजोड कुस्ती लावणाऱ्या सभेत बसणेही पाप आहे. त्यांना निकाल माहीत नव्हता, पण वजन त्यांना दिसत होते.

खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत पदक मिळवले ते 57 किलोच्या गटात. आमच्या पाटोद्याच्या राहुल आवारेने 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण घेतले तेही 57 किलोच्याच गटात. यांच्यापेक्षा तरबेज देह कोणाचा असणार? तरी त्यांना कोणी नव्वद किलोच्या गड्याशी लढवले नाही. जपानी ज्यूदोबद्दल आपल्याकडे मोठा समज आहे की त्यात लहान माणूस मोठ्याला सहज लोळवतो. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्यूदो प्रथम आला तेव्हा वजनाच्या गटांबरोबर एक खुला गट ठेवला होता. त्या गटाचे सुवर्ण नेदरलँड्सच्या अँटोन खेसिंकने नेले. उंची साडेसहा फुटांच्या आसपास. समोर जपानचा कामिनागा, आपल्या घरच्या मैदानावर.

म्हणजे अंगमेहनतीच्या विद्या वजनाचा मान राखतात. शिबिरे आणि भाषणे राखत नाहीत. चाळीस किलोच्या मुलीला सांगितले जाते की मनात धैर्य असेल तर देह गौण आहे. हे खोटे आहे, आणि धोक्याचे खोटे आहे. बोटांच्या फटीत किल्ली धरून ठोसा मारला तर पहिली सोलवटतात ती मारणाऱ्याचीच बोटे. हे मी करून पाहिले, भिंतीवर पोते टांगून. पन्नाशी उलटल्यावर असले उद्योग शोभत नाहीत, पण लिहायचे तर खात्री हवी.

मी सभासदाची बाजू घेतली खरी, पण त्याच्या मजकुराला माझ्या कामासाठी एक मोठी अडचण आहे आणि ती लपवणे बरोबर नाही. महाराजांना तयारीला महिने मिळाले. त्यांनी जागा निवडली, वेळ निवडली, सोबतीची माणसे निवडली, तिसऱ्या माणसाला दूर करायला लावले. ती मुलगी काय निवडणार? तिचे आईबाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेले असतात, चार-पाच महिने. ती आजीजवळ. शाळा सुटते, एसटी उशिरा येते, फाट्यापासून वस्तीपर्यंतची वाट दोन किलोमीटर तुरी-कापसातून. थंडीच्या दिवसांत सहाला अंधार पडतो. खान कोण आहे हे तिला पुष्कळदा ठाऊक असते, कधी तो नात्यातलाच असतो. तिच्याकडे पंताजी गोपीनाथ नाही. बालविवाहांत आमचा जिल्हा राज्यात वरच्या ओळीत का, याची जी कारणे मी ऐकत आलो त्यात हे एक ठरलेले आहे: पोरीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे? म्हणून दिवाळीआधी लग्न उरकून टाकतात आणि पुढच्या वर्षी तीच अर्धा कोयता होते.

सभासद वाचताना म्हणून मला असे वाटू लागले की तयारीचा भाग त्या मुलीचा नव्हेच. तो राजाने केला कारण राज्य त्याचे होते. इथे तो कोणाचा, हे ज्याने त्याने आपल्या हुद्द्याप्रमाणे ठरवावे: हंगामी वसतिगृह दसऱ्याला सुरू होते की संक्रांतीला, फाट्यावरचा दिवा लागतो का, एसटी शाळेच्या वेळेला आहे का, मुली घोळक्याने सोडल्या जातात का. जावळीची निवड म्हणजे हेच. समग्र शिक्षा योजनेतून मुलींना आत्मरक्षेचे प्रशिक्षण मिळते, तीन महिन्यांचे, आणि ते मिळावेच. पण फाट्यावरचा दिवा बंद ठेवून ते देणे म्हणजे खानाला वाईलाच भेटायला पाठवून वर हातात वाघनख देणे आहे. शिबिराचा फोटो छापून येतो, दिव्याचा येत नाही.

तिच्या वाट्याला राहतात ती शेवटची तीन कामे, आणि ती शिकवता येतात. पहिला झटका सोसून पायांवर राहणे, पकड ढिली करणे, निसटणे. त्यातही निसटणे सर्वांत जास्त वेळा घोकून घ्यावे असे मला वाटते, कारण अंगात तेच सर्वांत उशिरा मुरते.

शिबिरानंतर पंधरा दिवसांनी मी त्या शाळेत पुन्हा गेलो, बिलाचे पैसे राहिले होते. मुख्याध्यापक नव्हते. ती मुलगी व्हरांड्यात दिसली. म्हटले, ‘‘बाई, तू त्या दिवशी विचारलं होतंस ना, मान धरली तर काय?’’ ती जराशी बिचकली, मग म्हणाली, ‘‘हो काका.’’ पोरीला हात लावून शिकवणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून तिच्या मैत्रिणीला बोलावले, तिच्याहून चांगली दणकट. सांगितले, धर हिची मान खाकेत. तिने धरली. ही लगेच मागे ओढू लागली, चेहरा लाल. मी म्हणालो, मागं नको, आत शीर, हनवटी छातीला. दोन वेळा चुकले. तिसऱ्या वेळी तिचा खांदा मैत्रिणीच्या बरगडीला लागला, हात मोकळे झाले, तिने पोटाला चिमटा काढला, मैत्रीण ओरडली आणि मान सुटली. सुटल्यावर ती तिथेच उभी राहून हसू लागली.

‘‘उभी काय राहिलीस?’’ मी म्हणालो. ‘‘पळ.’’

ती व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून ध्वजाच्या खांबापर्यंत पळत गेली आणि तिथून वळून म्हणाली, ‘‘काका, परत एकदा.’’